शाळेतला घ्यावा की कॉलेजातला? आभासी बेसबॉल लीग आणि निवडीचं तर्कशास्त्र

सातपूरच्या व्यासपीठावर बेसबॉल, हे वाचून विषय छापताना काही गफलत झाली का, अशी विचारणा आयोजकांकडे झाली म्हणे. गफलत नाही. आज आम्हाला एका विचाराची समीक्षा करायची आहे, आणि तो विचार सगळ्यात उघडा, सगळ्यात नागडा सापडतो तो अमेरिकेतल्या एका खेळात. त्यातही प्रत्यक्ष खेळात नाही, त्या खेळाच्या संगणकावरच्या नकलेत. तो विचार असा: कोवळं पोर निवडण्यापेक्षा तीन वर्षं तावून सुलाखून निघालेला तरुण निवडावा. ऐकायला शहाणपणाचं वाटतं. आमचं म्हणणं, त्यातला निम्मा भाग शहाणपणाचा आहे आणि उरलेला निम्मा सिद्धसाधन आहे. सिद्धसाधन म्हणजे काय ते पुढे येईलच.

आधी थोडी माहिती, कारण आपल्याकडे बेसबॉल शालेय क्रीडा स्पर्धांच्या यादीत असला तरी घरोघरी माहीत नाही. अमेरिकेत मेजर लीगचे ३० संघ आहेत. दरवर्षी नव्या मुलांची वाटणी होते, तिला ड्राफ्ट म्हणतात. १९६५ साली ही पद्धत सुरू झाली. आयपीएलसारखा लिलाव नाही, इथे पाळी असते. साधारणपणे जो संघ मागच्या हंगामात तळाला राहिला त्याची पाळी आधी. अलीकडे पहिल्या काही जागांसाठी चिठ्ठ्याही टाकतात. एकेक संघ एकेक नाव उचलतो, फेरी संपते, पुन्हा पहिल्यापासून. २०१९ पर्यंत अशा ४० फेऱ्या चालायच्या, आता २० होतात. निवडलेला मुलगा लगेच मोठ्या मैदानावर येत नाही. त्याला खालच्या दर्जाच्या लीगमध्ये दोन, चार, कधी सहा वर्षं घासावं लागतं, आणि बहुतेक जण तिथेच संपतात.

आता आपला प्रश्न. शाळा संपवलेला सतरा-अठरा वर्षांचा मुलगा ड्राफ्टला पात्र असतो. पण तो एकदा चार वर्षांच्या कॉलेजात गेला, की तिसरं वर्ष संपेपर्यंत किंवा एकविशी गाठेपर्यंत त्याला हात लावता येत नाही. म्हणजे प्रत्येक संघापुढे दरवर्षी दोन रांगा उभ्या असतात. एका रांगेत मिसरूड फुटलेली पोरं, दुसरीत एकवीस वर्षांचे बाप्ये. कोणाला घ्यायचं?

आणि आभासी लीग म्हणजे काय? तुमच्यापैकी चाळिशी-पन्नाशीच्या लोकांनी शाळेत मागच्या बाकावर बुक क्रिकेट खेळलेलं असणार. पुस्तक उघडायचं, पानाच्या आकड्यातला शेवटचा अंक म्हणजे धावा, शून्य आलं की आऊट. गावसकर एका पानावर बाद, विश्वनाथ दुसऱ्या. त्याचाच मोठा भाऊ अमेरिकेत निघाला. हॅल रिचमन नावाच्या गृहस्थाने १९६१ साली स्ट्रॅट-ओ-मॅटिक नावाचा खेळ विकायला काढला: प्रत्येक खऱ्या खेळाडूचं एक कार्ड, आणि फासे. कार्डावरचे आकडे त्या खेळाडूच्या खऱ्या कामगिरीवरून बेतलेले. पुढे संगणक आला. १९९९ मध्ये मार्कुस हाइनझोन या जर्मन माणसाने 'आउट ऑफ द पार्क बेसबॉल' काढला. बेसबॉलचं इतकं बारीक सोंग एका जर्मनाने वठवावं ही गंमतच. त्यात फक्त सामना नाही. संघ चालवायचा, पगार द्यायचे, प्रशिक्षक नेमायचे, आणि दरवर्षी ड्राफ्ट करायचा. त्यातली पोरं संगणकाने जन्माला घातलेली: नाव, गाव, वय, शाळा की कॉलेज, सगळं कल्पित. वीस-तीस माणसं एकेक संघ घेऊन एकमेकांविरुद्ध वर्षानुवर्षं खेळतात. आमचा नातू अशा एका लीगमध्ये आहे. त्याचा ड्राफ्ट रात्री दीडला सुरू होतो, कारण बाकीचे अमेरिकेत. आपल्याकडे ज्याला फँटसी क्रिकेट म्हणायचे ते निराळं. त्यात खऱ्या सामन्यातल्या खऱ्या धावांवर गुण मिळायचे, पैसे लागायचे, आणि २०२५ च्या ऑगस्टमधल्या कायद्याने पैशांचा तो व्यवहार बंद झाला. इथे पैसे नाहीत. इथे फक्त वेळ जातो, जी पैशापेक्षा महाग गोष्ट आहे असं या घरातल्या आजीचं मत आहे.

तर या आभासी लीगमध्ये एक वचन सगळ्यांना पाठ: कॉलेजातला घ्या. नवा माणूस आला की जुने त्याला पहिलं हेच सांगतात. हे वचन आलं कुठून?

बिल जेम्स हा त्याचा ऋषी. हा माणूस विद्यापीठातला नव्हे. कॅन्ससमध्ये डबाबंद अन्नाच्या एका कारखान्यात रात्रपाळीचा पहारेकरी होता, आणि पहारा करता करता बेसबॉलच्या आकड्यांवर लिहायचा. आपल्या एमआयडीसीत असा एखादा वॉचमन आज गेटवर बसून काय लिहीत असेल कोण जाणे. जेम्सने १९८० च्या दशकात आधीच्या वर्षांचे ड्राफ्ट उलगडून दाखवलं, की कॉलेजातून घेतलेल्या खेळाडूंनी संघांना जितकं परत दिलं, तितकं शाळेतून घेतलेल्यांनी दिलं नाही. आणि तरी संघ शाळेतल्या पोरांच्या मागे धावत होते. पुरावे बोलके होते. १९६६ साली न्यूयॉर्क मेट्सने पहिल्याच पाळीला स्टीव्ह चिलकॉट नावाचा शाळकरी कॅचर उचलला. दुसरी पाळी कॅन्सस सिटीची, त्यांनी कॉलेजातला रेजी जॅक्सन घेतला. जॅक्सनने पुढे ५६३ होमरन मारले. चिलकॉट मेजर लीगमध्ये एकही सामना खेळला नाही. १९९१ साली यांकीजने ब्रायन टेलर या शाळेतल्या गोलंदाजाला साडेपंधरा लाख डॉलर देऊन घेतलं. दोन वर्षांनी एका मारामारीत त्याचा खांदा गेला, तोही वर पोचला नाही.

मग आलं मायकेल लुइसचं 'मनीबॉल', २००३ साली. त्याच्यावरचा ब्रॅड पिटचा सिनेमा तुम्ही पाहिला असेल. गरीब संघ ओकलंड, त्याचा व्यवस्थापक बिली बीन, आणि आकड्यांच्या जोरावर श्रीमंतांना दिलेली टक्कर. बीन स्वतः १९८० साली शाळेतून पहिल्या फेरीत निवडला गेलेला, स्टॅनफर्डला जायचं सोडून व्यावसायिक झालेला आणि खेळाडू म्हणून फसलेला माणूस. शाळकरी पोरांवरचा त्याचा राग समजण्यासारखा आहे. २००२ च्या ड्राफ्टमध्ये ओकलंडकडे पहिल्या फेरीच्या आसपास सात पाळ्या होत्या. सातही कॉलेजातले घेतले. पुस्तकाचा कळस तो.

आता समीक्षा. पुस्तक उत्तम आहे, वाचनीय आहे, माणसं जिवंत उभी करतं. पण तर्क तपासायला हवा. त्या सातांपैकी निक स्विशर आणि जो ब्लँटन यांनी चांगली कारकीर्द केली. पुस्तकाचा लाडका जेरेमी ब्राउन, अलाबामाचा जाडजूड कॅचर, ज्याला इतर कोणी विचारत नव्हतं, तो मेजर लीगमध्ये पाच सामने खेळला. आणि त्याच पहिल्या फेरीत इतरांनी शाळेतून उचललेली पोरं कोण? झॅक ग्रिंकी, प्रिन्स फील्डर, कोल हॅमल्स, मॅट केन. ही नावं बेसबॉल जाणणाऱ्याला सांगावी लागत नाहीत. आपल्या भाषेत सांगायचं तर एकाच वर्षी रणजीच्या निवडीत चार भावी कसोटीवीर दुसऱ्यांनी नेले.

लगेच कोणी म्हणेल, मग जेम्स खोटा. नाही. जेम्सचं विधान मुलांबद्दल नव्हतंच, बाजाराबद्दल होतं. कॉलेजातला मुलगा शाळेतल्यापेक्षा श्रेष्ठ, असं ते नव्हे. कॉलेजातल्या मुलाची किंमत त्याच्या मोलापेक्षा कमी लावली जात होती, असं होतं. बाजारात सगळे हापूसमागे लागलेत, तेव्हा पायरी स्वस्त मिळते. याचा अर्थ पायरी गोड आहे एवढाच नाही. ती आज स्वस्त आहे, हाही आहे. उद्या सगळ्यांना कळलं की पायरी महागते. नंतरच्या अभ्यासकांनी हेच दाखवलं, की जेम्सच्या काळात दिसणारा तो मोठा फरक पुढे कमी होत गेला. सगळे शहाणे झाले की शहाणपणाला भाव राहत नाही. २००९ साली माइक ट्राउट हा शाळकरी मुलगा पंचविसाव्या पाळीला मिळाला. तोवर चोवीस निवडी होऊन गेल्या होत्या.

पुस्तकाबद्दल आणखी एक तक्रार. ओकलंड २००२ साली १०३ सामने जिंकला तो ज्यांच्या जोरावर, ते तीन गोलंदाज, हडसन, मल्डर, झीटो, कॉलेजातूनच आलेले होते. हे वचनाच्या बाजूने झालं. पण एरिक चावेझ शाळेतून आलेला, आणि मिगेल तेहादा डोमिनिकन रिपब्लिकमधून, ड्राफ्टशिवायच. संघाचे हे खांब पुस्तकाच्या मांडणीत अर्धवट अंधारात राहतात. कथा चांगली जमली की लेखक खांब झाकतो. हा दोष लुइसचा एकट्याचा नाही.

आता आपल्या न्यायशास्त्राकडे येऊ, कारण आम्हाला वाटतं की हा प्रश्न नैयायिकांनी बेसबॉल जन्मायच्या आधीच सोडवून ठेवला होता. जिथे धूर तिथे अग्नी, ही व्याप्ती खरी. पण जिथे अग्नी तिथे धूर, ही खरी नाही. तापलेल्या लोखंडात अग्नी आहे, धूर नाही. मग अग्नीबरोबर धूर इतक्या वेळा का दिसतो? कारण सरपण ओलं असतं. हे ओलं सरपण म्हणजे उपाधी. नियम अग्नीचा वाटतो, असतो ओलाव्याचा.

कॉलेज आणि यश यांच्यामध्येही असंच ओलं सरपण आहे. एकविसाव्या वर्षी जो ड्राफ्टच्या रांगेत उभा दिसतो, तो एकटा नसतो. त्याच्याबरोबर कॉलेजात गेलेले किती तरी, कोणाचा खांदा गेला, कोणाची उंची थांबली, कोणी अभ्यासाला लागला, कोणी प्रेमात पडला, ते रांगेत नाहीतच. चाळणी आधीच लागून गेलेली आहे. शाळेच्या रांगेत मात्र चाळणी लागायच्या आधीचं सगळं धान्य आहे, खड्यांसकट. दोन ढिगांची तुलना करून चाळलेला ढीग स्वच्छ आहे असा शोध लावणं, हा काही कॉलेजचा महिमा नव्हे. कॉलेजने धान्य पिकवलं नाही, फक्त तीन वर्षं थांबून खडे कोणते ते आपल्याला कळू दिलं. त्या तीन वर्षांचा खर्च दुसऱ्याने केला, एवढाच संघाचा फायदा. फायदा खरा आहे, आम्ही नाकारत नाही. पण तो कशाचा आहे ते ओळखावं.

आभासी लीगमध्ये हा घोळ दुप्पट होतो. लोक पुस्तकातलं वचन घेऊन खेळात येतात, पन्नास हंगाम खेळतात, आणि सांगतात: बघा, आकड्यांनी सिद्ध झालं, कॉलेजातलेच बरे ठरतात. मंडळी, तो खेळ लिहिणाऱ्यानेही तेच आकडे समोर ठेवून लिहिलेला आहे! शाळेतल्या मुलाला वाढायला जास्त वर्षं लागावीत, त्याच्या बाबतीत अंदाज जास्त चुकावेत, कॉलेजातला लवकर तयार व्हावा, हे प्रोग्रॅममध्ये घातलं म्हणून ते बाहेर आलं. आपणच कणगीत ज्वारी भरायची आणि उघडून म्हणायचं, निसर्गाने ज्वारी दिली. याला सिद्धसाधन म्हणतात: जे गृहीत धरलं तेच सिद्ध केलं. खेळातल्या पन्नास हंगामांतून बेसबॉलबद्दल काही कळत नाही. खेळ लिहिणाऱ्याला बेसबॉलबद्दल काय वाटतं ते कळतं. नातवाला हे सांगितलं तेव्हा तो म्हणाला, मला तेच कळायला हवंय, जिंकायचं आहे. त्याच्या जागी तो बरोबर आहे.

इथपर्यंतचा भाग तर्काचा. आता खोलात जाऊ.

या खेळांत प्रत्येक पोराला दोन आकडे असतात. एक आजचा, एक पुढचा. पुढच्याला पोटेन्शिअल म्हणतात. अमेरिकेतल्या पारख्यांची जुनी मोजपट्टी २० ते ८० अशी आहे, खेळातही ती वापरतात. एखाद्या सतरा वर्षांच्या पोराची आजची फलंदाजी २५ आणि पोटेन्शिअल ७०. हा ७० कुठे आहे? संगणकाच्या पोटात, लपलेला, पण आहे. तुमचा पारखी तो अंधुक बघतो, ६० सांगतो, ७५ सांगतो, चुकतो. पण चुकतो म्हणजे असलेल्या गोष्टीबद्दल चुकतो. सांख्यांचा सत्कार्यवाद तो हाच. कार्य कारणात आधीच असतं. दुधात दही आहे, तिळात तेल आहे, आपण फक्त बाहेर काढतो. न्याय-वैशेषिकांनी याला विरोध केला: घडा मातीत नव्हता, कुंभाराने केला तेव्हा झाला. तो असत्कार्यवाद. आभासी लीग ही पक्की सांख्य आहे. तिथे पोर म्हणजे तीळ.

न्यायाने सांगायला हवं की खेळ एवढा भाबडा नाही. पोटेन्शिअलचा आकडा मधूनमधून बदलतो. एखादा अचानक वर उसळतो, एखादा कोसळतो, आणि हे किती व्हावं ते लीग चालवणारा ठरवू शकतो. चांगला प्रशिक्षक ठेवला, विकासावर पैसा लावला, तर फरक पडतो. पण मुख्य बदल येतो फाशाने. आकड्याच्या जागी फासा आणला म्हणून असत्कार्यवाद होत नाही. तो यदृच्छावाद होतो, म्हणजे आपोआप, कारणाशिवाय. प्रत्यक्षात पोरं तिळासारखी नसतात आणि फाशासारखीही नसतात. कोणी तरी त्यांच्यावर विश्वास टाकतं, कोणी तरी बाकावर बसवतं, आणि त्यातून ती घडतात.

आपल्याकडचंच उदाहरण घ्या. आयपीएलच्या पहिल्या वर्षी, मार्च २००८ मध्ये, १९ वर्षांखालील मुलांसाठी लिलाव नव्हता, पाळीचा ड्राफ्टच होता. हे आता लोक विसरलेत. विश्वचषक जिंकून आलेला संघ, त्यातली पोरं वाटून घ्यायची. दिल्लीने आपल्या पाळीला प्रदीप सांगवान हा डावखुरा वेगवान गोलंदाज घेतला. विराट कोहली, दिल्लीचाच मुलगा, बंगळुरूकडे गेला. आज यावर लोक हसतात. हसू नये. दिल्लीकडे सेहवाग होता, गंभीर होता, फलंदाजी तुडुंब होती. गोलंदाज घेणं हा त्या दिवशीचा योग्य विचार होता. परिणाम वाईट आला म्हणून निर्णय वाईट ठरत नाही, हे तर्कशास्त्राच्या पहिल्या वर्षाला शिकवतात आणि दुसऱ्या वर्षाला सगळे विसरतात.

पण आम्हाला पुढचं सांगायचं आहे. पहिल्या हंगामात कोहलीने १६५ धावा केल्या. १३ सामन्यांत १६५. आभासी लीगमधला घाईचा व्यवस्थापक अशाला दुसऱ्या वर्षी सोडून देतो. बंगळुरूने सोडलं नाही. २००९, २०१०, हळूहळू चढत गेला, आणि २०११ च्या लिलावाआधी त्यांनी एकच खेळाडू राखून ठेवला, तो कोहली. आता सांगा, २००८ साली त्याच्या पोटात एक लपलेला आकडा होता आणि बंगळुरूच्या पारख्याला तो दिसला? की तीन वर्षं खेळवत राहिल्यामुळे तो आकडा तयार झाला? आम्ही नैयायिकांच्या बाजूने आहोत. कुंभार काढून टाका आणि घडा शोधा.

महाराष्ट्रात हा वाद जुना आहे, फक्त त्याला ड्राफ्ट म्हणत नव्हते. मुंबईच्या क्रिकेटला एके काळी दोन दारं होती. एक शाळेचं: हॅरिस शिल्ड, गाइल्स शिल्ड. दुसरं कॉलेजचं: आंतरविद्यापीठ रोहिंटन बारिया करंडक. गावसकर सेंट झेवियर्स कॉलेज आणि मुंबई विद्यापीठाकडून खेळून एकविसाव्या वर्षी वेस्ट इंडीजला गेले. तेंडुलकर १९८८ साली शारदाश्रमसाठी कांबळीबरोबर ६६४ ची भागीदारी करून, पुढच्याच वर्षी सोळाव्या वर्षी पाकिस्तानात. एक कॉलेजातला, एक शाळेतला. कोणता नियम काढाल? काढता येत नाही. पण तेंडुलकरनंतर सगळ्यांनी एक नियम काढला, की पोर शाळेतच ओळखता येतं. आणि कॉलेजचं दार हळूहळू गंजलं. पृथ्वी शॉने चौदाव्या वर्षी हॅरिस शिल्डमध्ये ५४६ धावा केल्या, अठराव्या वर्षी कसोटी पदार्पणात शतक ठोकलं, आणि २०२४ च्या नोव्हेंबरमधल्या लिलावात त्याला कोणी घेतलं नाही. याचा आनंद होणारे लोक आहेत. आम्ही त्यांत नाही. त्याचं वय तेव्हा पंचवीस होतं. पूर्वी त्या वयाच्या मुलाला निवड समिती पुन्हा बघायची.

त्याच लिलावात वैभव सूर्यवंशी, तेरा वर्षांचा, एक कोटी दहा लाखांना राजस्थानने घेतला. पुढच्या एप्रिलमध्ये त्याने ३५ चेंडूंत शतक केलं. आणि त्याच लिलावात आपल्या नाशिकचा रामकृष्ण घोष, पंचविशी ओलांडलेला, महाराष्ट्राचा अष्टपैलू, ३० लाखांना चेन्नईने घेतला. बेसबॉलच्या भाषेत पहिला शाळकरी, दुसरा कॉलेजातला. बातम्या कोणाच्या किती आल्या ते तुम्हाला माहीत आहे.

आता सातपूरकडे येतो, कारण इथल्या घराघरात हा ड्राफ्ट दर जूनमध्ये होतो. दहावीचा निकाल लागतो. पोराला त्र्यंबक रोडच्या आयटीआयला घालायचं, दोन वर्षांत फिटर नाहीतर टर्नर होऊन ॲप्रेंटिस म्हणून लागेल. की अकरावी-बारावी, मग इंजिनीअरिंग, एकवीस-बाविसाव्या वर्षी कॅम्पसमधून बघू? आणि कारखान्याच्या बाजूनेही तोच प्रश्न. एका ओळखीच्या मोठ्या कारखान्यातल्या भरतीच्या साहेबांनी आम्हाला ऐटीत सांगितलं, आमचा डेटा सांगतो की डिग्रीवाले जास्त टिकतात. आम्ही विचारलं, आयटीआयच्या पोरांना तुम्ही कायम किती वर्षांनी करता? ते म्हणाले, करतच नाही, कंत्राटावर असतात. घ्या! सोडून जायला भाग पाडायचं आणि मग मोजायचं कोण टिकलं. ओल्या सरपणाचं याहून चांगलं उदाहरण आम्हाला चाळीस वर्षांच्या अध्यापनात मिळालं नव्हतं.

पण बेसबॉलची उपमा इथे एका जागी मोडते, आणि तीच जागा महत्त्वाची. संघाकडे २० फेऱ्या असतात. वीसातले सतरा बुडाले तरी तीन तरले की भागलं. आभासी लीगच्या व्यवस्थापकाकडे तर शेकडो पोरं, आणि ती कोणाचीच नाहीत. त्याने सरासरीवर चालावं, दुसरं काय करणार? 'कॉलेजातले सरासरीने बरे' हे वाक्य त्याच्यासाठी अर्थपूर्ण आहे. पण ज्या घरात एकच पोर आहे तिथे एकच फेरी असते. त्या आईला सरासरी सांगणं म्हणजे तहानलेल्याला धरणाची पाणीपातळी सांगणं. तिला सरासरी हवी नाही, हा हवा आहे: हा, समोर ताटावर बसलेला, गणितात कच्चा पण हातात पाना दिला की घड्याळ विसरणारा. सरासरीचं शास्त्र 'हा' या शब्दाशी बोलत नाही. तो दोष शास्त्राचा नाही. पण समुपदेशक, क्लासवाले, नातेवाईक त्या आईशी संघमालकाच्या भाषेत बोलतात, तो दोष त्यांचा आहे.

रॉबर्ट कूव्हर या अमेरिकन लेखकाची १९६८ सालची एक कादंबरी आहे, 'द युनिव्हर्सल बेसबॉल असोसिएशन'. हेन्री वॉ नावाचा एकटा हिशेबनीस रात्री स्वयंपाकघरातल्या टेबलावर फाशांनी स्वतःची बेसबॉल लीग चालवतो. त्यात एक तरुण गोलंदाज त्याला पोटच्या पोरासारखा होतो, आणि एका रात्री फासे असे पडतात की नियमाप्रमाणे तो पोरगा चेंडू लागून मरतो. हेन्री वेडापिसा होतो. आणि पुढे ज्याच्या चेंडूने तो मेला त्याला मारण्यासाठी स्वतःच्या फाशात लबाडी करतो. समीक्षकांनी त्यात देव, सृष्टी, नियती पाहिली, ठीकच आहे. आम्हाला त्यात साधी गोष्ट दिसते: हजार फेऱ्यांच्या मालकाला एक फेरी लागली. त्या दिवसापासून त्याला खेळ खेळता येईना.

वेळ होत आला आहे. एक चिठ्ठी आली आहे, एका तरुण श्रोत्याची, तो बहुधा स्वतःच असा खेळ खेळत असावा. विचारतो: 'सर, हे सगळं मान्य, पण माझी पाळी तिसरी आहे, घेऊ कोणाला?' छान. तत्त्वज्ञाला असा प्रश्न विचारायलाच हवा. तर असं बघा. शाळेतला गोलंदाज घेऊ नका. सतराव्या वर्षीचा खांदा ही जगातली सगळ्यात नाजूक वस्तू आहे, खेळातही आणि खेळाबाहेरही. तुमचा संघ यंदा-पुढच्या वर्षी जिंकण्याच्या बेतात असेल तर कॉलेजातला फलंदाज घ्या, दोन वर्षांत उपयोगी पडेल, आणि 'कॉलेज' या लेबलाकडे न बघता त्याचं वय बघा. एकवीस आणि साडेबावीस यांत फार अंतर आहे. संघ तळाला असेल, घाई नसेल, तर शाळेतला शॉर्टस्टॉप घ्या. क्रिकेटमध्ये ज्याला आपण कव्हर आणि पॉइंट दोन्ही एकट्याने सांभाळणारा म्हणू, तसा मधल्या फळीचा क्षेत्ररक्षक तो. शाळेत सगळ्यात चपळ पोराला तिथे उभं करतात. पुढे अंगाने वाढला, जड झाला, तरी त्याला दुसऱ्या जागेवर हलवता येतं. आणि घेतल्यावर पाच वर्षं त्याचा पोटेन्शिअलचा आकडा रोज उघडून बघू नका. त्याला सामने द्या.

दुसरी चिठ्ठी लाइटबिलाबद्दल आहे, ती आयोजकांकडे देतो.